फॉलोअर नागपूरचे, नर्सरी धायरीत

प्रश्न : धायरीत भाड्याच्या दोन गुंठ्यांवर मी आणि माझा धाकटा भाऊ नर्सरी चालवतो, शिवाय बाल्कनीतल्या बागा करून देतो. तिसरं वर्ष आहे. माल उरुळी कांचनच्या घाऊक नर्सऱ्यांमधून आणतो. इन्स्टाग्रामवर 6 हजार फॉलोअर आहेत. पोस्ट बूस्ट करण्यावर गेल्या सहा महिन्यांत 18 हजार रुपये गेले. कॉमेंट येतात, पण नागपूर, इंदूर, दिल्लीहून. 'प्राइस प्लीज' म्हणतात आणि गायब होतात. जवळचे लोक येतात ते 'उरुळीला हेच निम्म्यात मिळतं' म्हणतात, नाहीतर मोबाइलवर ऑनलाइनचा भाव काढून दाखवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर पिवळ्या पानांचे फोटो येत असतात, तेही फुकट सल्ल्यासाठी. मध्यंतरी एका काकूंची बाल्कनी केली, त्यांच्यामुळे त्याच बिल्डिंगमधली आणखी चार घरं मिळाली, पण असं दर वेळी होत नाही. भाव पाडू का? वेबसाइट करू का? भाऊ म्हणतो, कर्ज काढून छोटा टेम्पो घेऊ आणि पुणेभर डिलिव्हरी देऊ. मार्केटिंगचं नेमकं काय करावं?
— एक वाचक, धायरी

ताई, नमस्कार.

काकूंची बाल्कनी केली आणि त्यांच्यामुळे चार घरं मिळाली, हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. 18 हजारांच्या बूस्टिंगने जे झालं नाही, ते काकूंनी लिफ्टमध्ये उभ्या उभ्या केलं. 'असं दर वेळी होत नाही' हे खरं आहे. मग ते दर वेळी व्हावं म्हणून काय करायचं, एवढाच तुमच्या मार्केटिंगचा प्रश्न आहे. इन्स्टाग्राम, वेबसाइट, टेम्पो हे सगळं त्याच्या नंतर.

आधी हिशोब मांडू. समजा, एक गिऱ्हाईक आलं आणि 150 रुपयांचं जास्वंद घेऊन गेलं. खरेदी, वाहतूक, पाणी आणि मेलेल्या रोपांची तूट वजा केली तर तुमच्या हातात 50-60 रुपये राहत असतील. त्याच गिऱ्हाइकाने महिना 600 रुपयांवर बाल्कनीची देखभाल तुमच्याकडे दिली (महिन्यातून दोन फेऱ्या, छाटणी, खत, कीड बघणं), तर वर्षाचे 7,200 झाले. वर कुंड्या, खत आणि नवी रोपंही तुमच्याकडूनच जाणार. आता अशी पाच घरं पाच दिशांना असली, एक वारज्यात, एक कात्रजला, एक कोथरूडला, तर भावाचा दिवस सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्येच संपेल. तीच पाच घरं एका सोसायटीत असली तर सकाळी नऊला गाडी लावायची आणि दुपारच्या जेवणाला घरी. म्हणून नवीन काम आलं की गिऱ्हाईक किती मोठं आहे हे नंतर बघा, किती लांबचं आहे ते आधी विचारा. धायरी, वडगाव, नऱ्हे, आनंदनगर, नांदेड सिटी, एवढ्याच पट्ट्यात तुम्हा दोघांना उरकणार नाहीत इतक्या बाल्कन्या आहेत. बाणेरहून फोन आला तर जाण्यायेण्याचे पैसे वेगळे सांगा. परवडलं तर ते बोलावतील, नाहीतर तुमचा दिवस वाचला.

आता त्या बाल्कन्यांपर्यंत पोचायचं कसं. फ्लॅटमधल्या माणसाला झाडं आवडतात. त्याला धास्ती असते ती मातीची. कुंडी बदलायची म्हणजे पांढऱ्या टाइल्सवर चिखल, तो धुतला की पाण्याच्या नळीत गाळ, पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि दहा मिनिटांत खालच्यांचा फोन. बरं, जुनी माती टाकायची कुठे? घंटागाडीवाला घेत नाही, जिन्यात ठेवली तर वॉचमन ओरडतो. अशा मातीची एखादी पिशवी घरोघरी वॉशिंग मशीनच्या मागे पडून असते आणि तिच्यावरून नवरा-बायकोत अधूनमधून शब्दाला शब्द वाढत असतो. नर्सरीवाले रोपांचे फोटो टाकतात, पण या पिशवीबद्दल कुणी बोलत नाही. तुम्ही बोला. 'कुंडी तुमच्या घरी येऊन बदलून देऊ, फरशी पुसून देऊ, जुनी माती घेऊन जाऊ.' या एका ओळीत तुमची सगळी जाहिरात आली. ती माती तुमच्या कामाचीच आहे. कडक उन्हात तापवायची, शेणखत आणि निंबोळी पेंड घालायची की पुन्हा वापरता येते. मात्र बुरशीने किंवा मुळं कुजून मेलेल्या रोपाची माती त्यात मिसळू नका.

कामाला जाताना जाड ताडपत्री, छोटा झाडू आणि फडकं न्या. प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवल्याशिवाय निघू नका. ग्रिलच्या बाहेर टांगलेल्या कुंड्या दिसल्या तर त्या आत घ्यायला सांगा, वाऱ्यात खाली पडली तर नसतं लफडं व्हायचं. खालच्या मजल्याची तक्रार आली नाही की वरच्या बाई तुमचं नाव चार ठिकाणी सांगतात. कधी कधी तर खालच्याच बाई नंबर मागून घेतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नेलेलं रोप मेलं की गिऱ्हाईक तुम्हाला शिव्या देत नाही. ते म्हणतं, 'माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत,' आणि परत फिरकत नाही. भांडायला आलं असतं तर निदान कळलं तरी असतं! त्यामुळे रोप जगवणं हे तुमच्या धंद्यात विक्रीचंच काम आहे. रोप हातात देण्याआधी दोन प्रश्न विचारायचेच : बाल्कनी कुठल्या दिशेला आहे, आणि घरात पाणी कोण घालतं? पश्चिमेची, सातव्या मजल्यावरची, एप्रिलमध्ये तव्यासारखी तापणारी बाल्कनी असेल तर बोगनवेल, अडेनियम, सदाफुली द्या. उत्तरेची असेल तर स्नेक प्लांट, मनीप्लांट, सिंगोनियम. सावलीच्या बाल्कनीसाठी कुणी मोगरा मागितला तर विकू नका. 'ताई, याला तुमच्याकडे फुलं येणार नाहीत, उगाच पैसे घालवू नका,' असं ज्या दुकानात ऐकायला मिळतं त्या दुकानाचं नाव लोक लक्षात ठेवतात.

एक उदाहरण सांगते. डिसेंबरात फुलांनी लगडलेली शेवंती घरी नेतात, हंगाम संपल्यावरही मोठ्या मायेने सांभाळतात, आणि पुढच्या वर्षी तिला कळीच धरत नाही. खत घालून बघतात, कुंडी बदलतात, शेवटी झाडालाच नावं ठेवतात. पुष्कळदा कारण डोक्यावर असतं, बाल्कनीत रात्रभर चालू असलेला दिवा. शेवंतीला कळ्या धरायला लांब, अंधारी रात्र लागते. तुम्ही जाऊन कुंडी फक्त दिव्याच्या उजेडाबाहेर सरकवली आणि कारण सांगितलं, तर त्या घरात तुमचा शब्द प्रमाण होतो. यासाठी एक रुपयाही लागला नाही.

यातूनच दराच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. भाव पाडू नका. 'उरुळीला निम्म्यात मिळतं' म्हणणाऱ्याला हसून सांगा, 'मिळतं ना, मीपण तिथूनच आणते.' आणि मग फरक दाखवा. तिथला माल शेडनेटखालचा असतो, काही आंध्रातल्या कडियमहून ट्रकने आलेला, चिकट लाल मातीच्या घट्ट हुंडीतला (हुंडी म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा). तो थेट उन्हाच्या बाल्कनीत गेला की आठवड्यात मान टाकतो. तुम्ही आल्या आल्या विकण्यापेक्षा 15 दिवस आपल्या हवेत, थोडं थोडं ऊन दाखवत ठेवा आणि तसं पाटीवर लिहा : '15 दिवस आमच्याकडे रुळलेली रोपं'. ऑनलाइनचं रोप खोक्यात अंधारात दिवस काढून येतं, ते आल्यावर काय करायचं हे सांगायला कुणी दारात येत नाही. तुम्ही दोन दर ठेवा. नुसत्या रोपाचा एक, आणि रोप, कुंडी, भरलेली माती, घरपोच बसवून देणं या सगळ्याचा दुसरा. दुसऱ्या दरावर हमी द्या, की आम्ही लावलेलं रोप 15 दिवसांत गेलं तर बदलून देऊ. नुसत्या रोपावर हमी नको, त्याचं पुढे काय होतं ते तुमच्या हातात नसतं. ज्याला फक्त स्वस्त हवंय त्याला खुशाल उरुळीला जाऊ द्या, तो तुमचा गिऱ्हाईक नव्हताच.

'एकावर एक मोफत' आणि 5 जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, फुकट रोपवाटप यांच्या मी विरोधात आहे. फुकटचं रोप कोपऱ्यात पडतं आणि वाळतं, त्यावर तुमच्या नावाचा स्टिकर असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पिवळ्या पानांना कंटाळू नका. एकदा, दोन ओळींत, फुकट उत्तर द्या. त्याच माणसाचा तिसरा फोटो आला की लिहा, 'हे बघूनच सांगता येईल, भेटीचे 200 रुपये, तुमच्या भागात शनिवारी आहोत.' रक्कम तुम्ही ठरवा, पण ती असू द्या, आणि काम दिलं तर त्यातून वजा करा. सोसायट्यांमध्ये तर यावरून एक चांगला कार्यक्रम होऊ शकतो. कमिटीची परवानगी घेऊन एखाद्या रविवारी सकाळी दोन तास पार्किंगमध्ये टेबल टाका आणि आजारी कुंड्या खाली आणायला सांगा. तपासणी फुकट, कुंडी बदलणं किंवा औषध फवारणं पैसे घेऊन. फेब्रुवारी-मार्च त्याला उत्तम, कारण तेव्हा जास्वंदीवर पांढरा कापूस चढायला लागतो (पिठ्या ढेकूण, ज्याला सगळे मिलीबग म्हणतात) आणि लोक घाबरलेले असतात. साबणाचं पाणी आणि निंबोळी तेल कसं मारायचं ते तिथेच करून दाखवा. शिकवलं तर लोक स्वतःच करतील आणि धंदा बुडेल, अशी भीती बाळगू नका. थोडे करतील, बरेचसे दोन फवारण्यांनंतर कंटाळून तुम्हाला बोलावतील. दाराखालून पत्रकं मात्र सरकवू नका, सेक्रेटरीचा राग ओढवून घ्याल. तुमच्या काकूंसारख्या सभासदाकडूनच ग्रुपवर मेसेज जाऊ द्या.

सेक्रेटरीशी ओळख झालीच तर ओल्या कचऱ्याच्या खताबद्दल बोला. गांडूळखत प्रकल्प, सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांतलं काही चालू स्थितीत असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. पण पुष्कळ सोसायट्यांमध्ये ते खताचे हौद नावापुरते उरलेत. ते चालू ठेवण्याचं आणि तयार खत सोसायटीच्याच बागेत वापरण्याचं काम तुम्ही अंगावर घेतलंत, तर खाली वर्षाचा करार आणि वर पन्नास बाल्कन्यांशी रोजची ओळख, दोन्ही मिळतं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या विषयाकडे येते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात आणि प्रत्येक घरी वाणाचा प्रश्न असतो. प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, कंगवे यांना बायका विटल्यात. रोपाचं वाण ही कल्पना नवी नाही, पण ती नीट करणारे थोडे. एका हळदीकुंकवाला समजा 40 बायका आल्या, तर त्यातल्या बहुतेक त्याच बिल्डिंगमधल्या किंवा शेजारच्या. म्हणजे एका ऑर्डरमध्ये तुमची 40 रोपं, तुमच्या नंबरसकट, तुम्हाला हव्या त्याच भागातल्या घरांत गेली, आणि वर त्याचे पैसेही मिळाले. इन्स्टाग्रामला असं कधी जमलं नाही.

पण यात खाचाखोचा आहेत. ऐन जानेवारीत धावपळ करून उपयोग नाही. ऑक्टोबरअखेर फाटे आणि फुटवे लावून ठेवा. तुळस नको, थंडीत ती पानं टाकते आणि वाणात मिळालेली तुळस वाळली की बायकांच्या मनाला लागतं. पानओवा, कोरफड, पुदिना, गवती चहा, सिंगोनियम ही बिनतक्रार जगणारी मंडळी घ्या. कुंडी तीन इंचांची, खाली स्थिर बसेल अशी. बाई ते वाण तिळगूळ आणि गजऱ्याबरोबर पिशवीत टाकून नेणार असते, भारी साडीच्या शेजारी. म्हणून आदल्या दिवशी सकाळी पाणी घालायचं आणि त्या दिवशी अजिबात नाही. वरच्या मातीवर नारळाच्या काथ्याचा एक पदर दाबून बसवा, म्हणजे कुंडी कलंडली तरी सांडत नाही. चिठ्ठीवर तीनच गोष्टी : रोपाचं नाव, ऊन किती, पाणी किती दिवसांनी. खाली नंबर. आणि हो, यजमानीणबाईंना एक मोठं रोप तुमच्याकडून भेट द्या. पुढच्या वर्षीची ऑर्डर तिथेच पक्की होते.

उन्हाळ्याची सुट्टी ही अशीच दुसरी संधी. एप्रिल-मेमध्ये लोक गावी जातात आणि परत येऊन बघतात तो निम्म्या कुंड्या वाळलेल्या. सुट्टीत घरी जाऊन पाणी घालण्याचं काम सुरू करा. किल्ली घ्यायची म्हणजे विश्वासाचा मामला, त्यामुळे हे फक्त आधीच्या गिऱ्हाइकांसाठी. दर फेरीला व्हॉट्सअ‍ॅपवर बाल्कनीचा एक फोटो, बस. कोकणात आंबे खात बसलेल्या माणसाला आपला मोगरा फुललेला दिसला की तो आल्या आल्या महिन्याचा करार करतो. दिवाळीतही हेच. उलट पितृपक्षात फार जोर लावू नका, तेव्हा नवं काही घ्यायला बरेच जण नाखूश असतात. ते दिवस हिशोबाला आणि झेंडूच्या कुंड्यांना द्या. दसऱ्याला फुललेला झेंडू विकायचा असेल तर त्याची रोपं दोन-अडीच महिने आधी धरावी लागतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

राहिला मोबाइल. गुगलवर नर्सरीची नोंद केली आहे का? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारते. ती फुकट आहे, आणि 'जवळची नर्सरी' शोधणारा माणूस आजच खरेदीला निघालेला असतो. वेळ, नंबर, गेटचा फोटो, पार्किंग कुठे करायचं हे सगळं टाका. काम झाल्यावर त्याच दिवशी अभिप्रायाची लिंक पाठवा. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, गुगलला ते चालत नाही. 'बाल्कनीतली माती बदलून दिली, जुनी घेऊन गेले' असा अभिप्राय मराठीत आला तर सोन्याहून पिवळं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी 256 नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून दुकानात बिल देतानाच नंबर सेव्ह करून घ्यायला सांगा. पाठवायचं महिन्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही. सुविचार आणि 'गुड मॉर्निंग'ची फुलं पाठवलीत तर लोक म्यूट करतील. त्या आठवड्यात पुण्यातल्या बाल्कनीत काय करायचं तेवढंच लिहा. मोगऱ्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत, पावसाळ्याच्या तोंडावर कुंड्यांची भोकं मोकळी करणं, असं.

इन्स्टाग्राम बंद करू नका, पण बूस्ट करताना नकाशावर धायरीत पिन टाका आणि चार-पाच किलोमीटरच्या बाहेर जाऊ नका. तेही वर्षातून दोनदाच : मृगाच्या आधी आणि संक्रांतीच्या आधी. रील करायचीच तर एकाच बाल्कनीची कामाआधीची आणि नंतरची. घरमालकांना विचारून, फ्लॅटचा नंबर न दाखवता. नागपूरच्या कॉमेंटला 'धन्यवाद, फक्त सिंहगड रोड परिसरात' एवढं उत्तर पुरे. वेबसाइट आत्ता नको. नकाशा, नंबर आणि फोटो गुगलच्या नोंदीत येतात, कॅटलॉग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर ठेवता येतो, तेवढ्यावर तुमचं भागतं.

जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन असतं. तिथे स्टॉल घेण्याची घाई करू नका, येणारा माणूस पुण्याच्या कुठल्याही टोकाचा असतो आणि तुमचं गणित जवळच्या घरांवर आहे. त्यापेक्षा महिन्याच्या गिऱ्हाइकांपैकी हौशी आठ-दहा जणींना सोबत घेऊन जा. कुठलं झाड आपल्या बाल्कनीत जगेल आणि कुठलं नुसतं बघायचं, हे तिथे चालता चालता सांगा. परतताना त्यांच्याच तोंडून ऑर्डरी निघतील.

आणि टेम्पो. भावाचा उत्साह मोडू नका, पण कर्ज आत्ता काढू नका. पुणेभर डिलिव्हरी म्हणजे पुन्हा तेच, 150 रुपयांच्या रोपामागे वाघोलीपर्यंत जायचं. उरुळीच्या फेरीला पंधरा दिवसांतून एकदा टेम्पो भाड्याने घ्या, सोसायट्यांच्या कामाला दुचाकीवर मागे क्रेट बांधला तरी चालतं. महिन्याची घरं 40 झाली आणि सलग तीन महिने 40च्या खाली आली नाहीत, की हप्ता त्या पैशांतून बसतो का ते मांडून बघा. तोवर भावाला एक काम द्या. एक वही करायला सांगा, घरागणिक एक पान : बाल्कनीची दिशा, कुठली झाडं, शेवटचं खत कधी, सुट्टीला कधी जातात, आणि हे घर कुणाच्या ओळखीने आलं. शेवटच्या रकान्यात ज्यांचं नाव दोनदा आलं, त्यांच्या घरी पुढच्या वेळी जाताना एक रोप घेऊन जा. पहिलं रोप तुमच्या त्या काकूंचं.